बी८ वर दिलेला वजीर

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना पट डोळ्यांसमोर आणणं जड जातं, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून चाली इथे सावकाश मांडल्या आहेत. घरात पट असेल तर काढून बसा, नसेल तर मोबाईलवरचं कुठलंही बुद्धिबळाचं ॲप चालेल. फक्त इंजिन बंद ठेवा. का, ते पुढे येईल.)



आजचा भाग इतिहासाचा आहे. पॅरिस येईल, लंडन येईल, दोनशे वर्षांपूर्वीची मुंबई येईल. पण सुरुवात करायचीय आमच्या महाड एमआयडीसीतून, बिरवाडीकडच्या एका छोट्या हॉलमधून. कारण तिथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती निस्तरता निस्तरता मी हा सगळा इतिहास वाचून काढला.

मी आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि शुक्रवारी रात्री घरी येतो. वरंधा घाट चालू असेल तर वरंध्याने, नाहीतर ताम्हिणीने. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, दिव्याचं वय १९. त्या एका सामन्याने ती विश्वचषकविजेती झाली आणि ग्रँडमास्टरही. त्याच आठवड्यात आमच्या वसाहतीतल्या दोन आया घरी आल्या आणि म्हणाल्या, तुला खेळता येतं ना, मग रविवारी पोरांना शिकव. खरं कारण नंतर कळलं. वडील थर्ड शिफ्ट करून सकाळी येऊन झोपतात, घरात आवाज नको असतो. दोन तास पोरं कुठेतरी गप्प बसतील तर बरं! असा आमचा क्लास सुरू झाला. चौदा मुलं, पाच गुंडाळायचे प्लास्टिकचे पट. माझा आजोबांचा लाकडी पट होता, तो २०२१ च्या पुरात गेला.

आता मुलांना काय शिकवायचं? मी स्वतः जसा शिकलो तसंच. प्रसिद्ध डाव. धडाधड हल्ला, मोहऱ्यांचे बळी, शेवटी मात. मुलं खूश होतात. पहिला डाव मी दाखवला लेगालचा.

लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, मोठ्या फिलिडोरचा गुरू. कॅफे द ला रेजांस नावाच्या कॉफीच्या दुकानात बसून खेळायचा. त्याचा डाव सातच चालींचा. पांढरं प्यादं ई४, काळं ई५. पांढरा घोडा एफ३, काळं प्यादं डी६. पांढरा उंट सी४, काळा उंट जी४. म्हणजे एफ३ चा घोडा अडकला, कारण तो हलला तर मागचा वजीर मरणार. पांढरा दुसरा घोडा सी३, काळं प्यादं जी६. आणि आता पाचव्या चालीला तो अडकलेला घोडाच उडतो आणि ई५ चं प्यादं मारतो! काळा हावरटपणे वजीर मारतो. मग पांढरा उंट एफ७ वर प्यादं मारून शह, राजा ई७, घोडा डी५, मात. वजीर नसताना दोन घोडे आणि एका उंटाने राजाला कोंडला.

हॉलमध्ये टाळ्या. पोलादपूरकडचा एक मुलगा ओरडला, "दादा, हे तर तानाजीसारखं झालं!" उमरठ त्याच्या गावापासून जवळ, त्यामुळे त्याला तेच सुचणार. मीही भारावून म्हटलं, अगदी बरोबर. सिंह गेला, गड आला.

दिवाळीनंतर शाळांच्या स्पर्धा झाल्या. आमच्यातला एक सातवीतला मुलगा, सगळ्यात हुशार, पहिल्याच फेरीत पांढऱ्याकडून बसला. समोरच्याने पहिल्या तीन चाली हुबेहूब लेगालच्या काळ्यासारख्या केल्या. याचे डोळे चमकले असणार. फरक एवढाच, की समोरच्याने चौथ्या चालीला जी६ न खेळता आपला घोडा सी६ वर आणला. याने तिकडे पाहिलंच नाही. घोडा उडवला, ई५ चं प्यादं मारलं. समोरच्याने वजीर मारलाच नाही. त्याने सी६ च्या घोड्याने हा घोडा मारला. आता बघा, तो घोडा ई५ वर बसून जी४ च्या उंटालाही राखतो आणि सी४ च्या उंटावरही डोळा ठेवतो. एक अख्खा मोहरा फुकट गेला. मुलगा पुढे तो डाव हरला आणि बाकीचेही हरला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या आईला फोन केला तर त्या संकोचून म्हणाल्या, "सर, तो म्हणतोय तुम्ही शिकवलेला डाव खोटा निघाला."

डाव खोटा नव्हता. मी शिकवला तो अर्धाच होता. आतषबाजी दाखवली, पण ती कुठल्या अटीवर पेटते ते सांगितलंच नाही. कोड लिहिणाऱ्या माणसाने तरी अट विसरायला नको होती.

मग मी शोधायला लागलो की मुळात ही पद्धत आली कुठून. जुने हल्ल्याचे डाव दाखवून शिकवायचं, हे कोणी सुरू केलं?

गोष्ट बरीच जुनी आहे. अरबी-फारसी जगात शतरंजच्या 'मन्सुबा' असायच्या, म्हणजे रचलेल्या अवघड स्थिती. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध दिलारामची. एक सरदार पटावर सगळं हरत गेला आणि शेवटी बायकोच पणाला लावली. (होय, आपल्याकडच्या द्यूताची आठवण येतेच.) डाव बुडायला आला, पुढच्या चालीला मात. तेव्हा पडद्याआडून दिलारामने नवऱ्याला सुचवलं की दोन्ही हत्ती देऊन टाक, मला देऊ नकोस. त्याने हत्ती दिले आणि उरलेल्या छोट्या मोहऱ्यांनी मात केली. मी ही गोष्ट क्लासमध्ये सांगितली तेव्हा आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे डाव तिनेच जिंकला ना? मग पणाला नवऱ्याला लावायला हवं होतं." मला उत्तर सुचलं नाही.

या मन्सुबांमध्ये एक खुबी असायची. जिंकणाऱ्याच्याच डोक्यावर तलवार टांगलेली. एक चाल जरी शह नसलेली केलीत, तर तुम्हीच मेलात. त्यामुळे बळी हा शौक म्हणून दिलेला नसतो, दुसरा रस्ताच उरलेला नसतो. हे मुलांना फार लवकर कळतं.

आता मुंबईत येऊया. साल १८१४. पेशवाई बुडायला अजून चार वर्षं आहेत. मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, बुद्धिबळावरचे निबंध. लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. मूळ लिखाण संस्कृतात, त्याचं हे भाषांतर. आणि मुखपृष्ठावरच लिहिलंय की खेळ युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलाय, आणि यातल्या अवघड स्थिती शिकणाऱ्याची सुधारणा व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम मिळावा म्हणून दिल्यात. हे वाचून मी थबकलोच. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्या मुंबईत, एक शास्त्री नेमकं तेच करत होता जे मी रविवारी हॉलमध्ये करायचा प्रयत्न करत होतो. आणि त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात, राजनीतीच्या मयूखात, बुद्धिबळाचे नियम लिहून ठेवलेत. राजनीतीच्या ग्रंथात खेळाचे नियम! आपल्याकडे हा खेळ रिकामटेकड्यांचा नव्हता एवढं नक्की.

पण "युरोपीय पद्धतीला जुळवून" असं का म्हणावं लागलं? तर आपला देशी खेळ वेगळा होता. माझे आजोबा तोच खेळायचे. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. कॅसलिंग, म्हणजे जुनी मराठी पुस्तकं ज्याला किल्लेकोट म्हणतात, ते नाही. त्याऐवजी राजाला शह बसला नसेल तोवर एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. लहानपणी मी त्यांच्याशी खेळायचो तेव्हा मोहरी एकमेकांना भिडायलाच वेळ लागायचा. सैन्य हळूहळू पुढे सरकतंय, तटबंदी उभी राहतेय. मी कंटाळायचो. आजोबा सुपारी कातरत म्हणायचे, "घाई कसली? राजा कुठे पळून जातोय?"

युरोपात उलटं झालं. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पेन-इटलीकडे वजीर आणि उंट यांना लांब पल्ला मिळाला. त्याआधी वजीर तिरका एक घर जायचा, बिचारा. एकदम तो पटावरचा सगळ्यात ताकदवान मोहरा झाला आणि खेळाचा वेगच बदलला. दहा-पंधरा चालींत मात शक्य झाली. मग सोळाशे वीसच्या आसपास इटलीतल्या कालाब्रियाचा जोआकिनो ग्रेको नावाचा खेळाडू देशोदेशी फिरत श्रीमंत आश्रयदात्यांना हाताने लिहिलेल्या वह्या करून द्यायला लागला. त्या वह्यांमध्ये छोटे छोटे हल्ल्याचे डाव. त्यातले बरेचसे प्रत्यक्ष खेळलेले नसून त्यानेच रचलेले असावेत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर ग्रेको हा पहिला कंटेंट क्रिएटर. लोकांना लांबलचक बचाव नको असतो, मात हवी असते, हे त्याने ओळखलं.

तिथून ती पद्धत चालत आली आणि माझ्यापर्यंत पोचली. खोटही तिथूनच आली. रचलेल्या डावात हरणारा बावळटच असतो, कारण तो हरावा म्हणूनच असतो. माझ्या विद्यार्थ्याने समजून घेतलं की समोरचा बावळट असणार. समोरचा नव्हता.

म्हणून मी ठरवलं, आता डाव दाखवायचा तो हरणाऱ्याच्या बाजूला बसून. आणि निवडला १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरातला डाव. पट काढा.

पॉल मॉर्फी, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, वय २१. कायद्याची पदवी झालेली, पण वकिली करायला वय पुरेसं नाही म्हणून युरोपात खेळायला आलेला. ब्रन्सविकचा ड्यूक त्याला ऑपेरा बघायला आपल्या राखीव कक्षात नेतो आणि तिथेच पट मांडतो. एका बाजूला मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघं मिळून सल्लामसलत करत. मॉर्फीला गाणं आवडायचं, असं सांगतात, पण पाठ रंगमंचाकडे होती. म्हणजे त्याला लवकर उरकायचं होतं!

पांढरं ई४, काळं ई५. घोडा एफ३, काळं डी६. पांढरं डी४, काळा उंट जी४. इथे मी थांबतो आणि मुलांना विचारतो, काळ्याचं काय चुकलं? उत्तर लगेच येत नाही. चौथ्या चालीला मॉर्फी ई५ चं प्यादं मारतो. काळा डी प्याद्याने परत मारायला गेला तर डी ची उभी रांग उघडते, वजिरांची मारामारी होते आणि मग ई५ चं प्यादंही जातं. म्हणून काळ्याला आधी उंटाने एफ३ चा घोडा मारावा लागतो. पांढऱ्या वजिराने तो उंट मारला, मग काळ्याने प्यादं परत घेतलं. हिशोब बरोबरीचा. पण काळ्याने चार चालींत जो एकमेव मोहरा बाहेर काढला तो देऊन टाकला, आणि पांढऱ्याचा वजीर ऐटीत एफ३ वर बसला. पैसे तेवढेच, वेळ मात्र गेला.

सहावी चाल, पांढरा उंट सी४. एफ७ वर मात दिसतेय. काळा घोडा एफ६. सातवी, वजीर बी३. आता एफ७ वरही नजर, बी७ वरही. काळा वजीर ई७ वर येतो, एफ७ वाचवायला. बघा काय झालं ते. वजीर स्वतःच्याच उंटाच्या वाटेत उभा राहिला. एफ८ चा उंट आता निघणार कुठून?

आठवी चाल माझी सगळ्यात आवडती. बी७ चं प्यादं समोर आहे. मारलं तर काळा वजीर बी४ वर शह देणार, वजिरांची मारामारी होणार, पांढरा एक प्यादं वर राहून सावकाश जिंकणार. तेही चांगलंच आहे, त्यात काही चूक नाही. पण मॉर्फी प्यादं सोडतो आणि दुसरा घोडा सी३ वर आणतो. प्याद्यापेक्षा त्याला तो घोडा मैदानात हवाय. काळं सी६. नववी, पांढरा उंट जी५, एफ६ चा घोडा जखडला. आता मोजा. पांढऱ्याचे वजीर, दोन उंट, एक घोडा, असे चार मोहरे कामाला लागलेत. काळ्याचे दोनच, वजीर आणि घोडा, आणि त्यातला वजीर वाट अडवून उभा.

इथे काळा बी५ खेळतो, उंटाला हुसकवायला. आणि आतषबाजी सुरू होते. घोड्याने बी५ मारलं, काळ्याने घोडा मारला, पांढऱ्या उंटाने परत बी५ मारून शह दिला. काळा घोडा डी७ वर मध्ये आला. बारावी चाल: मोठ्या बाजूचं कॅसलिंग. एका चालीत राजा सुरक्षित आणि हत्ती थेट डी रांगेत. आजोबांच्या देशी पटावर ही चाल नव्हतीच! मला वाटतं, हा डाव आपल्या जुन्या नियमांनी होऊच शकला नसता. पहिल्या चालीचं ई४ सुद्धा झालं नसतं.

काळा हत्ती डी८ वर, राखायला. पांढऱ्या हत्तीने डी७ चा घोडा मारला, काळ्या हत्तीने तो हत्ती मारला. चौदावी, दुसरा हत्ती डी१ वर. संपलं. आता मॉर्फीचा एकही मोहरा घरी बसलेला नाही. काळा वजीर ई६ वर सरकतो. पांढऱ्या उंटाने डी७ चा हत्ती मारून शह, काळ्या घोड्याने तो उंट मारला. सोळावी चाल, वजीर बी८ वर, शह. वजीर सरळ घोड्याच्या तोंडात. घोड्याने मारायलाच हवा, दुसरी चालच नाही. आणि घोडा हलला की डी रांग मोकळी. हत्ती डी८, मात. जी५ चा उंट त्या हत्तीला राखतो आणि ई७ चं घरही अडवतो.

मॉर्फीकडे उरलं काय? एक हत्ती, एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा, सगळं आहे.

इथे मी मुलांना फक्त एक प्रश्न विचारला. काळ्याचा कुठला मोहरा अख्ख्या डावात हललाच नाही? सगळे पटावर वाकले. एफ८ चा उंट. एच८ चा हत्ती. सतरा चाली ते दोघं घरात बसून होते, राजा शेजारी मेला तरी. आमच्याकडचीच एक छोटी मुलगी म्हणाली, "दादा, यांचे बाबा थर्ड शिफ्टला होते."

तेव्हापासून कुठलाही बळी दाखवला की आम्ही आधी घरी बसलेले मोहरे मोजतो. आपले किती, त्याचे किती. आणि तानाजीवाल्या पोराने दिलेली कसोटीही लावतो: सिंह जाणार हे दिसतंय, पण गड येतोय का? ही कसोटी शाळेच्या स्पर्धेतल्या त्या घोड्याला लावून बघा. सी६ वर काळा घोडा बसलाय, म्हणजे ई५ ला राखणदार आहे. गड येत नव्हता.

मधेच इंजिनबद्दल. मोबाईलवर हा डाव टाकला की बाजूची पट्टी वरखाली होते, आणि मुलं पट सोडून पट्टी बघतात. आठव्या चालीला इंजिनला प्यादं खाणंही पसंत पडतं. मग मुलगा म्हणतो, मॉर्फी चुकला. अरे, चुकला नाही! दोन रस्ते होते, त्याने एक घेतला. पण पट्टीला रस्ते सांगता येत नाहीत, ती फक्त आकडा सांगते. मी दिवसभर अशाच आकड्यांसमोर बसतो, म्हणून मला त्याचा जरा जास्त राग येतो, हेही खरं.

आता दुसरा डाव, थोडक्यात. चाली सगळ्या सांगत नाही, शोधलात तर मिळेल. २१ जून १८५१, लंडन, स्ट्रँडवरचं सिम्पसन्स. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू आहे. ब्रेस्लाउचा गणिताचा शिक्षक आडोल्फ अँडरसन (ती स्पर्धा पुढे तोच जिंकला) फावल्या वेळात लिओनेल किझरित्स्कीशी सहज एक डाव खेळतो. किझरित्स्कीही एके काळी गणितच शिकवायचा, मग पॅरिसला येऊन लेगालच्याच त्या कॅफेत तासावर पैसे घेऊन बुद्धिबळ शिकवायला लागला. अँडरसनने एक उंट दिला, मग दोन्ही हत्ती, मग वजीर, आणि तेविसाव्या चालीला दोन घोडे आणि एका उंटाने मात. किझरित्स्कीचं काय गेलं माहितीये? तीन प्यादी. फक्त तीन. वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, सगळं शाबूत, आणि राजा मेला. त्याचा वजीर पार ए१ च्या कोपऱ्यात हत्ती लुटायला गेलेला. प्रतापगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. केवढी मोठी फौज, पण जावळीच्या जंगलात विखुरलेली, आणि जिथे हवी तिथे नाही.

पण मला या डावातलं खरं आश्चर्य पुढेच वाटतं. हा डाव जगाला कळला कसा? अँडरसनने नाही छापला. हरलेल्याने छापला. किझरित्स्कीचं स्वतःचं बुद्धिबळाचं मासिक होतं, 'ला रेजांस'. त्याने त्याच वर्षी जुलैच्या अंकात आपला पराभव चालीचालीसकट छापून टाकला. 'अमर डाव' हे नाव तर नंतर, १८५५ मध्ये फाल्कबेअरने दिलं. तोवर किझरित्स्की जिवंत नव्हता. १८५३ मध्ये तो पॅरिसमध्ये गरिबीत वारला. आज त्याचं नाव राहिलंय ते या एका हरलेल्या डावामुळे.

हे मी क्लासमध्ये सांगितलं तेव्हा ती आठवीतली मुलगी परत उभी राहिली. ही मुलगी मला घाम फोडते. "दादा, तुमच्या सगळ्या डावात माणसंच आहेत." पुरुष, असं तिला म्हणायचं होतं. बरोबर होतं. म्हणून पुढचा रविवार खाडिलकर भगिनींचा. १९७४ मध्ये देशातली पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. दोन वर्षांनी तिची धाकटी बहीण रोहिणी १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती झाली आणि त्याच १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिथे तिने पुरुषांना हरवलं, आणि गदारोळ झाला. बाईने पुरुषांत खेळावं का! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून अडवता येणार नाही. मधली बहीण जयश्री ही भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर. आणि मग सांगलीच्या भाग्यश्री साठे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवून पिढ्यानपिढ्या पोरं पटावर बसवली. हल्ल्याच्या डावांइतकाच हाही इतिहास मुलांना द्यायला हवा होता, आणि मी तो मागितल्यावर दिला. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांचे डाव दाखवणार का नुसतं नाव सांगणार?" शोधतोय. सापडले की त्यावर वेगळा भाग करू.

आता तो सातवीतला मुलगा. महिनाभर आला नाही. मग मी त्याच्या घरी गेलो, वहीत किझरित्स्कीचा डाव लिहून. उपदेश केला नाही, माझी अर्धी चूक कबूल केली. लेगालचा डाव पुन्हा लावला, काळा घोडा सी६ वर ठेवला आणि म्हटलं, ही अट मी सांगायला हवी होती. त्याचे वडील आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून आम्ही दोघंही कुजबुजत बोलत होतो. तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऑपेरातल्या डावात मी काळा घेतो. नवव्या चालीपासून. तुम्ही मॉर्फी व्हा."

म्हणजे जिथे काळा बी५ खेळून फसला, तिथून. तुम्हीही करून बघा, हाच आजचा गृहपाठ. पांढरा उंट जी५ वर येऊन बसलाय, चाल काळ्याची. बी५ खेळायचं नाही. मग काय? आमच्या क्लासने वजीर सी७ शोधून काढलंय. तो एकाच वेळी बी७ राखतो, एफ७ राखतो, आणि एफ८ च्या उंटाला वाट मोकळी करून देतो. पांढरा अजूनही वरचढच आहे, पण डाव सतराव्या चालीला संपत नाही. तुम्हाला याहून बरी चाल दिसली तर कळवा. इंजिन न लावता!

परवाच्या रविवारी तो मुलगा या स्थितीतून माझ्याशी ३१ चालींपर्यंत लढला. हरला. मग वही ओढून घेतली, सगळ्या चाली स्वतःच्या अक्षरात उतरवल्या, फोटो काढला आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला.